भिंतीवरचे संस्थापक

शाव पेइलिन यांनी वाफाळत्या करंडीतलं पहिलं श्याओलोंग, म्हणजे रस भरलेला चिनी मोदकच, अलगद उचललं, पारीला कडेनं एवढंसं भोक पाडलं, आतला गरम रस ओठांनी ओढून घेतला आणि समाधानानं मान वर केली. समोरच्या भिंतीवर त्यांचे आजोबा होते.

रस घशाऐवजी भलतीकडेच गेला. शाव खोकले, ठसकले, उरलेलं श्याओलोंग शर्टावर फुटलं. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी ट्रक ड्रायव्हरनं त्यांच्या पाठीत दोन सणसणीत धपाटे घातले.

"अहो, पांढरा शर्ट!" बायको यूफांग ओरडली. माणूस गुदमरून मरायला टेकला तरी आधी शर्ट वाचवायचा, हा मध्यमवर्गाचा धर्म ऑस्ट्रेलियातल्या आशफील्डमध्येही कसोशीनं पाळला जातो.

"शर्ट मरू दे," शाव म्हणाले. "ते बघ."

यूफांगनं बघितलं. लाल कागदाची झालर लावलेल्या चौकटीत एक गृहस्थ बसलेले. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर, जणू जगानं नुकतंच काहीतरी सांगितलंय आणि त्यांना ते पटलेलं नाही. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'आमचे आद्य संस्थापक. चार पिढ्यांची चव.'

यूफांगनं ताबडतोब मान खाली घातली आणि आल्याच्या चकत्या निरखायला लागली. शावना त्याच वेळी संशय यायला हवा होता. पण धक्का बसलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट दिसते.

गोष्ट अशी, की शावांचे आजोबा गेन्फा यांनी आयुष्यात काहीही स्थापन केलेलं नव्हतं. शांघायच्या ट्राममध्ये ते तिकिटं फाडत. त्यांच्या पाककौशल्याची एकच कथा घराण्यात चालत आलेली. आजी एकदा तापानं फणफणलेली असताना त्यांनी तिच्यासाठी पेज करायला घेतली. तांदूळ घेतले, पातेलं घेतलं, विस्तव पेटवला, पाणी तेवढं विसरले. पातेल्याचं बूड गळून पडलं. त्यानंतर आजीनं स्वयंपाकघराच्या दाराशी खडूनं रेघ मारली आणि ती रेघ ओलांडायची हिंमत गेन्फांनी मरेपर्यंत केली नाही. असा माणूस आता लिव्हरपूल रोडच्या मागच्या गल्लीत, सहा टेबलांच्या हॉटेलात, चार पिढ्यांच्या चवीचा जनक होऊन बसला होता!

आणि शाव हा काही ऐरागैरा माणूस नव्हता. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ते मुख्य कारागीर होते. आशफील्डमधले निम्मे म्हातारे शांघायकर ज्या दातांनी चावत, ते दात शावांच्या हातचे. अशा माणसाच्या आजोबांना कोणी परस्पर हॉटेलात लावावं?

मालकीण रोंगबाई खांद्यावर फडकं टाकून टेबलांमधून फिरत होत्या. फिरत होत्या म्हणजे गिऱ्हाइकांना ढकलत, सरकवत आणि दटावत होत्या.

"ते कोण आहेत?" शावनी विचारलं.

"वाचता येत नाही का? संस्थापक."

"ते माझे आजोबा आहेत!"

"सगळे असंच म्हणतात," रोंगबाई शांतपणे म्हणाल्या. "परवा एक जण म्हणाला, हे आमचे हेडमास्तर. एक बाई तर म्हणाल्या, हे माझे पहिले यजमान. जुन्या फोटोतली माणसं सगळी सारखीच दिसतात हो. आणखी व्हिनेगर देऊ?"

"त्यांना साधं पाणी उकळता येत नव्हतं!"

"मग नंतर शिकले असतील. मेल्यावर माणसाला वेळच वेळ असतो. उठा आता, बाहेर लोक ताटकळलेत."

शाव उठले. सगळ्यात संतापाची बाब ही, की श्याओलोंग अप्रतिम होतं. पारी इतकी पातळ की आतला रस हलताना दिसावा, वरच्या कळ्या मोजून पाडल्यासारख्या, आणि चव थेट लहानपणातली. वाईट हॉटेलात अपमान झाला तर माणूस निदान हॉटेलाला नावं ठेवू शकतो. इथं तीही सोय नव्हती.

घरी जाताना यूफांग नेहमीपेक्षा भरभर चालत होती. स्टेशनाच्या बोगद्यात शावांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आपला फ्रिजवरचा फोटो कुठाय गं?"

"कुठला?"

"आजोबांचा! शांघायहून मी मांडीवर घेऊन आणलेला!"

यूफांग थांबली. "दिला मी. त्या धर्मादाय दुकानात. जुन्या पडद्यांबरोबर."

"माझे आजोबा पडद्यांबरोबर दिलेस?"

"मग काय करू? इतकी वर्षं मी कांदा चिरतेय, मासा तळतेय, आणि ते वरून बघतायत! आणि बघतायत ते तरी कसे? जणू मी मीठ जास्त घालतेय! फ्रिजवरून जाऊन वर्ष झालं त्यांना. ते नाहीत हे तुम्हाला आज दिसलं ना? मग कोणाचं प्रेम जास्त, तुम्हीच सांगा."

उरलेल्या रस्त्यात शाव चिडून शर्टावरचा डाग चोळत राहिले आणि घर आल्यावर वर न जाता खालच्याच मजल्यावर थांबले.

खालच्या मजल्यावर नी मास्तर राहत. शांघायच्या शाळेतून निवृत्त होऊन ते इथं मुलाकडे आलेले, आणि थर्मोकोलच्या खोक्यांत पातीचा कांदा लावून उरलेला वेळ इतरांना सल्ले देण्यात घालवत. हकीकत ऐकून त्यांनी पाण्याचा झारा खाली ठेवला. झारा खाली ठेवणं म्हणजे प्रकरण गंभीर.

"लढायचं," ते म्हणाले. "हा एकट्या तुझ्या आजोबांचा प्रश्न नाही. उद्या माझे आजोबा एखाद्या न्हाव्याच्या दुकानात निघाले तर? आधी पालिकेत जा."

शावनी अर्धी रजा टाकली आणि पालिकेत गेले. खिडकीवरची मुलगी अतिशय नम्र होती. नम्र कारकुनापुढे फार जपून राहावं लागतं. तो नाही म्हणतो तेसुद्धा आपल्याला आभार मानावेसे वाटतील अशा रीतीनं.

"फोटो पडून कोणाला इजा झाली का?"

"मला झाली."

"अरेरे. कुठे?"

"मनाला."

तिनं जरा विचार केला. "मनाचा विभाग आमच्याकडे नाही. तिथे उंदीर वगैरे दिसला का?"

"नाही."

"दिसला तर जरूर या. बरं, ज्यांचा फोटो आहे ते स्वतः तक्रार करू शकतील का?"

"ते वारले."

मुलगी एकदम सावरून बसली. "त्या हॉटेलात?"

"शांघायमध्ये! माझ्या जन्माच्या आधी!"

"मग ते आमच्या हद्दीत येत नाही," ती म्हणाली आणि इतकं गोड हसली, की शाव खरोखरच आभार मानून बाहेर पडले.

धर्मादाय दुकानातल्या पांढऱ्या केसांच्या बाईंना फोटो चांगला आठवत होता. तो चांगल्या घरी पडला हे ऐकून त्यांचे डोळे पाणावले. परत मात्र मिळणार नव्हता. दिलेलं दान, विकलेली वस्तू. "पण तुम्ही फार दुःखी दिसता," त्या म्हणाल्या आणि आतून एक चौकट घेऊन आल्या. "हे दुसरे एक आजोबा आहेत. मिशीवाले. चालतील का?"

नी मास्तरांनी मग शेवटचा उपाय सांगितला. "ठिय्या दे. रोज संध्याकाळी फोटोखाली जाऊन बस. एक शब्द बोलू नकोस. तिला आपोआप लाज वाटेल."

नी मास्तर लाजेच्या भरवशावर शाळा चालवून आलेले. रोंगबाई त्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या. "बसायचं असेल तर मागवावं लागेल," त्या म्हणाल्या. मागवलं तर खावं लागे, आणि खाल्लं की दुसरी करंडी मागवल्याशिवाय राहवत नसे. जगातला हा पहिलाच ठिय्या असेल ज्यात आंदोलकाचा पट्टा दोन भोकांनी सैल करावा लागला.

आणि मग लोकांना ती भुवई दिसली.

आधी त्या ट्रक ड्रायव्हरनं बोट दाखवलं. फोटोकडे, मग शावांकडे, मग पुन्हा फोटोकडे. तोच चेहरा, तीच वर चढलेली भुवई, जगाबद्दल तीच नापसंती. "अरे, हे तर संस्थापकांचे नातू!" रांगेतल्या बायका दारातून डोकावायला लागल्या. कोणी पोरांना शावांशेजारी उभं करून फोटो काढले. शाव ओरडून सांगत होते, "आमचा काही संबंध नाही!" आणि लोक एकमेकांना म्हणत, "किती साधा माणूस आहे बघ."

रोंगबाईंनी लांबून हे सगळं पाहिलं. त्या दिवसापासून शावांना रांगेत उभं राहावं लागलं नाही.

स्टेशनवर फुकट मिळणाऱ्या चिनी साप्ताहिकात पुढच्याच अंकात फोटो आला. वर आजोबा, खाली तोंडात श्याओलोंग धरलेले शाव. मथळा: 'नातू आजही रोज जेवतो आजोबांच्या पायाशी.' कारखान्यात साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाव, घरचा इतका मोठा धंदा असून तू इथं दात घासत बसतोस! याला म्हणतात निष्ठा." आपण दात घासत नाही, घडवतो, हे सांगायचंही शावांना सुचलं नाही.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण साप्ताहिकातला तो फोटो कोणीतरी कोणालातरी पाठवला, त्यानं आणखी कोणाला, आणि एका सकाळी शांघायहून आतेभाऊ बाओगेनचा फोन आला. एरवी हा गृहस्थ नववर्षालाही फोन करत नसे.

"दादा, अभिनंदन!" बाओगेनचा आवाज साखरेत घोळलेला. "आपल्या आजोबांचं दुकान होतं, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं, आणि आम्हाला पेपरातून कळतं होय?"

"अरे, कसलं दुकान! ते ट्राममध्ये तिकिटं फाडायचे, तुला माहीत नाही का?"

"तेच आई म्हणाली. तिचे बाबा तिकिटं फाडायचे म्हणे. मग तिकिटं फाडता फाडता गुपचूप दुकान काढलं, आणि ते तुझ्या बाबांनाच देऊन गेले. पोरीला काही नाही! आई फार दुखावलीय, दादा. ती येतेय."

"कुठं?"

"तिथं. व्हिसा मिळालाय."

शाव फ्रिजला टेकून उभे राहिले. मेइयिंग आत्या पंच्याऐंशी ओलांडलेली. तरुणपणी नोकरीसाठी तिला दूर वायव्येला लांझोऊला धाडलं, तिथल्या वाळूत तिची उमेदीची वर्षं गेली, आणि म्हातारपणी ती मुलाकडे शांघायला परतली. वडिलांवर तिचा भारी जीव. त्यांना असं हॉटेलात टांगलेलं पाहून ती जागीच कोसळली तर? धाकट्या भावाच्या पोरानं असं करावं, हे तिनं मरता मरता जगाला सांगितलं तर?

शाव रोंगबाईंकडे गेले आणि पहिल्यांदाच हात जोडले. "आत्या येतेय. फक्त एक दिवस. काढू नका, नुसतं झाका."

रोंगबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आत्या म्हणजे सख्खी मुलगी? खरीखुरी?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा बारीक झाला. "म्हणजे हे खरंच तुमचे आजोबा?"

"महिनाभर मी दुसरं काय सांगतोय!"

"मला वाटलं, तुम्हाला करंडीवर सूट हवीय." त्या फडक्याला हात पुसत राहिल्या. "भिंत रिकामी होती हो. बाकी सगळ्यांच्या दुकानात संस्थापक असतात. मी हे सगळं सासूच्या हाताखाली शिकले, पण तिचा फोटो लावला असता तर तिच्या धाकानं माझा हातच चालला नसता. हे गृहस्थ त्या धर्मादाय दुकानात दिसले. वाटलं, या माणसाला खाण्यातलं कळत असणार."

फोटोवर एका मोठ्या लाल माशाचं कॅलेंडर टांगायचं ठरलं.

आत्या विमानतळावर उतरली ती चाकाच्या खुर्चीला नकार देत. दात सगळे स्वतःचे, हे शावांच्या धंदेवाईक नजरेनं आधी टिपलं. यूफांगनं घरी डुकराच्या मटणाचा रस्सा करून ठेवला होता.

"रस्सा रात्री," आत्या म्हणाली. "आधी दुकान दाखव."

दुपारची गर्दी ऐन भरात होती. ट्रक ड्रायव्हरनं उठून आत्याला जागा दिली. नी मास्तर 'सहज आलो होतो' असं म्हणत कोपऱ्यात बसलेले. रोंगबाईंनी स्वतः करंडी आणून ठेवली आणि फडकं दोन्ही हातांत घट्ट धरून मागं उभ्या राहिल्या. त्या दटावत नाहीत हे पाहून गिऱ्हाइकं घाबरली आणि आपणहून सरकून बसली.

"बाबा कुठं आहेत?" आत्यानं विचारलं.

"आत्या, आधी खाऊन घे, गरम आहे—"

"त्या माशामागं आहेत ना? कॅलेंडरवर महिना मागचा आहे. घाईघाईत आजच लावलेलं दिसतंय. काढ."

शावनी यूफांगकडे पाहिलं. यूफांगनं छताकडे पाहिलं. शेवटी रोंगबाईंनीच पुढं होऊन मासा उतरवला.

आत्यानं चष्मा पुसला. लावला. उठून भिंतीशी गेली. शाव तिच्या मागं दोन्ही हात पसरून उभे, पडली तर झेलायला.

"हे माझे बाबा नव्हेत," आत्या म्हणाली.

शावांना एकदम असं काही हलकं वाटलं की ते हसायलाच लागले. "नव्हेत? खरंच नव्हेत?"

"मी माझ्या बापाला ओळखत नाही? बाबांनी जन्मात फोटो काढला नाही. आपलंच तोंड बघायला लोकांना पैसे कशाला द्यायचे, म्हणायचे."

"ऐकलंत?" शाव रोंगबाईंकडे वळले. पुढं काय म्हणायचं होतं ते त्यांनाच कळेना. कारण महिनाभर ते ज्यासाठी भांडत होते, नेमकं तेच आता खोटं ठरलं होतं.

"बघा!" रोंगबाईंचा आवाज पुन्हा मोठा झाला. "मी म्हटलं नव्हतं, सगळे सारखेच दिसतात? उगीच माझ्या जिवाला घोर लावलात!"

"हा दिंग," आत्या म्हणाली. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी याची गाडी असायची."

"कसली गाडी?" रोंगबाईंनी विचारलं.

"कसली म्हणजे? याचीच." आत्यानं करंडीकडे बोट केलं. "श्याओलोंगची. सगळ्या मोहल्ल्यात तसा हात नव्हता."

कोणाची तरी जेवायची काडी खाली पडली. रोंगबाई मागच्या खुर्चीवर मटकन बसल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "असं कसं? मी खोटं लिहिलं होतं! अगदी माझ्या मनानं!"

शाव अजून हसत होते, पण हसू ओठांवरच अडकलं होतं. "पण मग आजीच्या कपाटावर दिंगचा फोटो कशाला? मी लहान असताना रोज बघायचो. तू यायचीस तेव्हा..."

"मी यायचे तेव्हा तो कपाटाच्या आत जायचा," आत्या म्हणाली. "आज कळतंय." ती सावकाश खुर्चीवर येऊन बसली. "तू आजीला कधी विचारलं होतंस, हे कोण म्हणून?"

"विचारलं होतं ना."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हे तुझे आजोबा."

"मग?" आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याकडे, त्या वर चढलेल्या भुवईकडे. "माझी आई खोटं कधीच बोलली नाही."

नी मास्तर छतावरचा पंखा बारकाईनं पाहायला लागले. ट्रक ड्रायव्हर तोंडातला घास गिळायचा विसरला. शावनी फोटोकडे पाहिलं. फोटोनं शावांकडे पाहिलं. दोघांच्याही भुवया एकाच वेळी वर गेल्यासारखं यूफांगला वाटलं, आणि तिनं तोंडावर रुमाल दाबला.

"म्हणजे माझे बाबा..." शाव म्हणाले.

"माझा भाऊ," आत्या ठामपणे म्हणाली. "मी कडेवर घेऊन वाढवला. यात आणखी काही बोलायचं नाही." मग पिशवीतून फोन काढून तिनं तिथूनच बाओगेनला लावला. "हां. पाहिलं दुकान. आपला काही हक्क नाही. का ते घरी आल्यावर सांगते. नाही, कदाचित नाहीच सांगणार."

रोंगबाई उठल्या, खुर्चीवर चढल्या आणि फोटोच्या खिळ्याला हात घातला. "घेऊन जा हो यांना," त्या म्हणाल्या. "तसबीर म्हणून कोणीही चालतं. पण खरा माणूस म्हणजे उदबत्ती आली, पितरांच्या दिवशी नैवेद्य आला. आणि तोही असा, की ज्याला चवीतलं कळतं! रोज डोक्यावर बसून माझी पारी बघणार! मला नाही झेपायचं."

"नाही, नाही, असू देत ना इथंच," शाव घाईनं म्हणाले. परत फ्रिजवर न्यायला त्यांना एकाएकी धीर होईना. यूफांगही जोरजोरात मान हलवत होती. महिनाभर ज्या फोटोसाठी दोन माणसं हमरीतुमरीवर आली होती, तो आता दोघांच्या मध्ये हवेत लोंबत होता आणि कोणीच हात पुढं करत नव्हतं.

"परत टांग," आत्या म्हणाली. "जन्मभर बिचारा गल्लीच्या तोंडाशी उघड्यावर उभा राहिला. आत ये असं कोणी म्हटलं नाही. इथं निदान डोक्यावर छप्पर आहे."

रोंगबाईंनी फोटो परत टांगला. जरा वाकडा झाला होता, तो सरळ केला. मग खुर्चीवरून उतरून भिंतीपुढं उभ्या राहिल्या आणि कोणाला काही न सांगता हात जोडून वाकल्या.

करंडी निवत चालली होती. आत्यानं एक श्याओलोंग चमच्यात घेतलं, भोक पाडलं, रस ओढला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली. शाव तिच्याकडे बघत राहिले. विचारू की नको, असं त्यांचं चाललेलं. शेवटी राहवेना.

"आत्या," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "गेन्फांना... म्हणजे आजोबांना... माहीत होतं?"

आत्यानं डोळे उघडले.

"ते कधी बोलले नाहीत. मी कधी विचारलं नाही. ट्राममधून उतरले की आधी दिंगच्या गाडीशी थांबायचे. रोज. पाऊस असो, बर्फ असो. बाकी सगळ्यांना दिंग मोजून वाढायचा." तिनं करंडी शावांच्या पुढं सरकवली. "आमच्या बाबांना मात्र नेहमी दोन जास्त."